चटणीचं भांडं आपलं, परवानगी मात्र त्यांची



आज स्वयंपाकघरातलं काही नाही. आज हिशेबाचं लिहिणार आहे आणि जरा रागाने लिहिणार आहे. पर्व होऊन गेलं, क्षमावणीही झाली. ज्यांच्यावर राग आहे त्यांनाही क्षमा करून झाली. पण क्षमा वेगळी आणि हिशेब वेगळा, एवढं बी.कॉम. झालेल्या बाईला कळतं.

आमच्या मंडळाची वेबसाइट तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी पाहिली आहे. बोईसर-तारापूर आणि पालघर मिळून आम्ही चाळीस जणी. मारवाडी, गुजराती, कच्छी, आणि आमच्यासारखी सांगली-कोल्हापूरकडून एमआयडीसीतल्या नोकरीमागे आलेली मराठी घरं. कुणी दिगंबर, कुणी श्वेतांबर. एकमत व्हायला वेळ लागतो, पण कांदा-बटाट्याशिवाय रोज काय करायचं हा प्रश्न सगळ्यांचा सारखाच. त्यातून दोन वर्षांपूर्वीच्या चातुर्मासात कल्पना निघाली, की आपापल्या पाककृती एका ठिकाणी घालू. पुढे सुना विचारतील तेव्हा दाखवता येतील.

मागच्या वर्षी एका सकाळी मी कच्च्या केळ्याच्या भाजीचं पान उघडलं, तर भाजी गायब. फोटो जागेवर होता आणि खाली चौकटी कंसात इंग्रजीत ‘रेसिपी आयडी ४७’ एवढंच. साहित्य नाही, कृती नाही. दुसरं पान उघडलं, तिथे ‘रेसिपी आयडी ४८’. एकशे बारा पानं अशी. मला वाटलं, मीच काहीतरी चुकीचं दाबलं. आपल्या वयाच्या बायकांना आधी तेच वाटतं. चुकलं होतं काय, ते समजायला मला दोन महिने लागले. तुम्हाला लागू नयेत म्हणून हे लिहिते.

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. वेबसाइट म्हणजे भाड्याची जागा. जागा ज्या कंपनीच्या कॉम्प्युटरवर असते ती होस्टिंग कंपनी, दरमहा किंवा वर्षाचं भाडं घेते. दारावरची पाटी म्हणजे डोमेन. आत पानं मांडायला एक सॉफ्टवेअर लागतं. आमचं वर्डप्रेस होतं, जगातल्या फार मोठ्या संख्येने साइट्सचं तेच असतं. आणि या सॉफ्टवेअरला जी जास्तीची कामं येत नाहीत ती करायला जे छोटे छोटे जोड बसवतात, ते प्लगइन. मिक्सर एकच, पण चटणीचं भांडं वेगळं, रसाचं वेगळं, तसं.

आम्हाला तीन भांडी हवी होती. एक, पाककृती नीट मांडणारं, म्हणजे साहित्य एकीकडे, कृती एकीकडे, आणि ‘तिथीला चालेल’ असं शोधलं की हिरव्या भाज्या वगळून उरलेल्या पाककृती पुढे याव्यात. दुसरं, इथल्या सूर्योदय-सूर्यास्ताची वेळ दाखवणारं. कॅलेंडर मुंबईचं नाहीतर अहमदाबादचं असतं. माझ्या माहेरचा सूर्यास्त आणि बोईसरचा सूर्यास्त एक नाही. नवकारशीला सूर्योदयानंतर अठ्ठेचाळीस मिनिटं मोजायची, तर मोजायची कुठून ते आधी ठरायला हवं ना! आणि तिसरं, एक साधा ऑर्डरचा फॉर्म. आमच्या मंडळातल्या एक ताई पालघरला घरी खाकरे करतात. पतीच्या माघारी त्याच्यावर त्यांचं घर चालतं. त्यांच्यासाठी साइटवर एक पान द्यायचं सगळ्यांनी ठरवलं.

ही तिन्ही प्लगइन्स फुकट मिळतात. चोरून मारून नव्हे, रीतसर फुकट.

कंपनीचं नाव मी लिहिणार नाही, कारण भांडण एका कंपनीशी नाही. त्यांच्या पानावर तीन प्लॅन शेजारी शेजारी, प्रत्येकाखाली बरोबरच्या हिरव्या खुणा. लहान प्लॅन महिन्याला १९९ रुपये. मी म्हटलं, पुरे. वर्षाचे २,३८८, वर अठरा टक्के जीएसटी, झाले २,८१७ रुपये ८४ पैसे. जीएसटी शेवटच्या पानावर दिसला, त्याआधी नाही. पैसे भरले, आत गेले, प्लगइनच्या नावावर बोट ठेवलं, तर पाटी आली, ही सोय तुमच्या प्लॅनमध्ये नाही, वरचा प्लॅन घ्या. मधल्यातही नाही. थेट तिसरा, ‘बिझनेस’. ७९९ रुपये महिना, पहिल्या वर्षी सवलतीत ४९९. त्या हिरव्या खुणांच्या रांगेत अगदी तळाशी, ‘सर्व सुविधा पाहा’ दाबल्यावर, लहान प्लॅनपुढे एक राखाडी आडवी रेघ होती. ती मी पाहिली नव्हती. पाहिली असती तरी ‘प्लगइन’ म्हणजे काय ते तेव्हा मला कुठे ठाऊक होतं?

आम्ही तिसरा घेतला. आधी भरलेले पैसे त्यांनी वळते करून घेतले, ते मान्य. पहिल्या वर्षाचे एकूण ७,०६५ रुपये ८४ पैसे. चाळीस जणींचे दोनशे-दोनशे जमवले होते, आठ हजार. उरलेल्या ९३४ रुपयांत पाठशाळेच्या मुलांना वह्या आणल्या. हिशेबाची वही माझ्याकडेच आहे, कुणालाही पाहता येईल.

आता माझा मुद्दा. लहान प्लॅनमध्ये जागा होती सहा जीबी. मोठ्यात पन्नास. आमच्या एकशे बारा पाककृती, फोटोंसकट, अर्ध्या जीबीतही भरल्या नाहीत. म्हणजे आम्ही जागा वाढवून घेतली नाही, माणसं वाढवून घेतली नाहीत, सर्व्हरवर जास्तीचा भार टाकला नाही. पूर्ण दराने पाहिलं तर दोन प्लॅनमधला फरक वर्षाला ७,२०० रुपये, जीएसटी धरून ८,४९६. तीन फुकट वस्तू वापरायच्या परवानगीचे ८,४९६. एका वस्तूचे २,८३२. कॉस्ट अकाउंटिंगच्या पेपरात आम्हाला विचारायचे, एक नग जास्त दिला तर विकणाऱ्याचा खर्च किती वाढतो? इथे तो जवळजवळ शून्य. मिक्सर त्यांचा, ठीक, त्याचे पैसे घ्या. पण चटणीचं भांडं माझ्याकडे दुसऱ्या कुणी प्रेमाने दिलेलं आहे, आणि दुकानदार म्हणतो, ते या मिक्सरवर बसवायचं तर मोठा मिक्सरच घ्यावा लागेल. लहान मिक्सरवर बसत नाही असं नाही. बसतं. त्यांनी खाच बुजवली आहे.

हे ‘दुसऱ्या कुणी प्रेमाने दिलेलं’ मी अलंकार म्हणून लिहिलेलं नाही. वर्डप्रेस २००३ साली मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल या दोघांनी सुरू केलं, तेही मिशेल वाल्द्रिगी या फ्रेंच माणसाने लिहून मोकळ्या ठेवलेल्या ‘बी टू’ नावाच्या सॉफ्टवेअरवरून. त्याचा परवाना असा, की कुणीही वापरा, उघडून पाहा, बदला, पुढे द्या. प्लगइन बसवायची सोय त्यात २००४ पासून आहे. आज त्यांच्या भांडारात पन्नास हजारांहून जास्त प्लगइन्स फुकट आहेत. मराठीतलं वर्डप्रेसही आपल्याच लोकांनी बसून, पैसे न घेता, भाषांतर केलेलं आहे. ज्याने ते सूर्यास्ताचं प्लगइन लिहिलं त्याला माझ्या ८,४९६ रुपयांतला रुपया गेला नाही. गेला असता तर मी हा लेख लिहिला नसता. बऱ्याच प्लगइनांच्या पानावर ‘देणगी द्या’ असं असतं. आम्ही पाककृतीच्या प्लगइनवाल्याला मंडळातर्फे पाचशे रुपये पाठवले. माझ्या लेखी दिलेल्या पैशांत तेवढेच योग्य हाती गेले.

परवान्यात पैसे घ्यायला बंदी नाही, हेही मी वाचलं आहे. कायद्याने त्यांचं चुकत नाही.

माझा भाचा पुण्यात याच क्षेत्रात आहे. त्याने कंपन्यांची बाजू समजावली, ती इथे देते, नाहीतर म्हणाल काकू एकतर्फी बोलतात. तो म्हणाला, मावशी, प्लगइन कुणीही लिहितं, एखादं सदोष निघतं, त्यातून चोर आत शिरतो. सप्टेंबर २०२० मध्ये फाइल मॅनेजर नावाच्या एका प्लगइनमध्ये असंच भोक सापडलं, आणि ते सात लाखांवर साइट्सवर बसवलेलं होतं. मग लोक कंपनीला फोन करतात, आमची साइट बिघडली. ती निस्तरायला माणसं लागतात, त्यांचे पगार लागतात. तिसऱ्या प्लॅनमध्ये ते पैसे धरलेले असतात.

बरं. मग मला सांगा, तिसऱ्या प्लॅनचे पैसे भरल्यावर तेच सदोष प्लगइन निर्दोष होतं का? चोराला कळतं का, की या बाईने ७९९ भरलेत, हिच्याकडे नको शिरायला? धोका खरा असेल तर तपासलेली वीस-पंचवीस प्लगइन्स लहान प्लॅनवाल्यांना द्या आणि बाकीची कुणालाच नको म्हणा. निस्तरायचा खर्च असेल तर निस्तरण्याचे पैसे लावा, प्रत्येक वेळचे. मी आनंदाने देईन. प्लंबर येतो तेव्हा देतेच ना? पण नळ उघडायच्या परवानगीचे महिन्याला सहाशे, आणि प्लंबर आला तर आला!

आपण सगळ्या यात्रेला जातो. कुंभोज बाहुबलीला जा, शिखरजीला जा, धर्मशाळेत खोल्यांचे दर वेगवेगळे असतात. एसीचे जास्त, साधीचे कमी, हॉलमध्ये गादी घातली तर आणखी कमी. यात अन्याय आहे असं आजवर कुणी म्हटलेलं मी ऐकलं नाही. एसीला वीज लागते. पण उद्या कुणी नियम काढला, की दर्शनाचं दार एसी खोलीवाल्यांनाच उघडेल, तर? मंदिर काही त्या धर्मशाळेने बांधलेलं नसतं. ते कुणीतरी आपल्या आधी, आपल्यासाठी बांधून ठेवलेलं असतं.

भाच्याने आणखी एक गोष्ट पाठवली, ती फार लागली. १८४९ साली फ्रान्समध्ये ज्यूल द्युप्युई नावाचा एक इंजिनियर होता. त्याने लिहून ठेवलंय की रेल्वे कंपन्या तिसऱ्या वर्गाच्या डब्याला छप्पर घालत नाहीत किंवा बाकांना गाद्या देत नाहीत, ते काही त्याचा खर्च परवडत नाही म्हणून नव्हे. ज्याला दुसऱ्या वर्गाचे पैसे परवडतात त्याने तिसऱ्यात बसू नये म्हणून. गरिबाला त्रास द्यायचा हेतूही नाही. श्रीमंताला घाबरवायचं असतं, भिजतो मात्र गरीब. आमच्या डहाणू लोकलमध्ये फर्स्ट क्लासला गादी बरी असते, गर्दी कमी असते. पण सेकंड क्लासचा डबाही त्याच वेळेला चर्चगेटला पोहोचतो. त्याला मुद्दाम विरारला थांबवून ठेवत नाहीत.

आणि नावं पाहिलीत का या प्लॅनांची? लहान तो ‘पर्सनल’, मोठा तो ‘बिझनेस’. खाकरेवाल्या ताई पहाटे चारला उठतात, दिवसाला दोनशे खाकरे भाजतात, सकाळच्या गाडीने बोईसरची डिलिव्हरी स्वतः करतात. महिन्याकाठी सहा-सात हजार सुटतात. त्या पर्सनल की बिझनेस? पर्सनल म्हणाल तर ऑर्डरचा फॉर्म नाही. बिझनेस म्हणाल तर वर्षाच्या नफ्यातला दीड महिना होस्टिंगला. त्यांच्या मापाचं खणच या कपाटात नाही. कपाट करणाऱ्याच्या डोळ्यांपुढे अशी बाई कधी आलीच नसावी.

त्यांच्याबद्दल पुढचं लिहायचं आहे, ते लिहिताना मला अजून अपराधी वाटतं.

एक वर्ष झालं, आणि दशलक्षण पर्वात प्लॅन आपोआप रिन्यू झाला. कार्ड माझ्या यजमानांचं होतं. रिझर्व्ह बँकेचा नियम २०२१ पासून असा आहे, की असे आपोआप पैसे कापायच्या चोवीस तास आधी बँकेने कळवलं पाहिजे. आणि पंधरा हजारांपर्यंत ओटीपी लागत नाही. बँकेचा मेसेज आला होता. मी पर्वाचे दहा दिवस फोन कपाटात ठेवते, तो तसाच पडला होता. कापले गेले ११,३१३ रुपये ८४ पैसे. पहिल्या वर्षी ७,०६५ आणि दुसऱ्या वर्षी ११,३१३. जागा तीच, भांडी तीच. सवलत संपल्याचं ईमेल एक महिना आधी आलं होतं, ते साड्यांच्या सेलच्या मेलांत सापडलं. तेव्हा माझी चूक माझ्या खात्यावर लिहिते. तुम्ही तारीख कॅलेंडरवर दुधाच्या खाड्यांशेजारी लिहून ठेवा.

मंडळाची बैठक झाली. एवढे पैसे नकोत, खालच्या प्लॅनवर जाऊ, असं ठरलं. खालच्या प्लॅनवर जायचं बटण शोधायला भाच्याला फोन करावा लागला. वर जायचं बटण प्रत्येक पानावर, निळं, मोठं. गप्पांच्या खिडकीत मी तीनदा विचारलं, खाली गेल्यावर आमच्या पाककृतींचं काय होईल? तीनही वेळा उत्तर आलं की तुमची पानं सुरक्षित राहतील. पानं राहिली. त्यांच्यावरची अक्षरं गेली. प्लगइन काढलं की त्याने मांडलेला मजकूर दिसत नाही, उरतात ते चौकटी कंस. हे सांगणं त्यांचं काम नव्हतं का?

पाककृतींचं ठीक आहे, माझ्या वह्या आहेत. पण ऑर्डरचा फॉर्मही गेला. तो गेल्याचं नऊ दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही. ताईंना वाटलं, पितृपक्ष आहे, लोक नवं काही मागवत नसतील. त्यांच्या पाकिटांवर आमच्या साइटचा पत्ता छापलेला, पाचशे स्टिकर स्वतःच्या पैशाने छापून घेतलेले. ज्या बायकांनी पाकिटावरचा पत्ता टाकून पान उघडलं त्यांना कोरी जागा दिसली. दिवाळीच्या दोन मोठ्या ऑर्डरी दुसरीकडे गेल्याचं पुढे समजलं. ताई मला एक शब्द बोलल्या नाहीत. उलट म्हणाल्या, “भाभी, तुम्ही कशाला मनाला लावून घेता, तुम्हाला तरी काय माहीत.” बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

आपल्याकडे अचौर्य अणुव्रताचे अतिचार लहानपणी पाठशाळेत पाठ करून घेतात. त्यात एक आहे हीनाधिक मानोन्मान, म्हणजे देताना एक माप, घेताना दुसरं. माझे वडील सांगलीला गुळाच्या पेढीवर मुनीम होते. ते म्हणायचे, तराजू खरा असून भागत नाही, समोरच्याला काटा दिसला पाहिजे. मी या कंपन्यांना चोर म्हणत नाही. चोरी आणि अतिचार यांत फरक आहे, तो आपल्याला शिकवलेला आहे. पण १९९चा काटा माझ्याकडे वळवून ठेवायचा, आणि जीएसटी, पुढच्या वर्षीचा दर, प्लगइनची राखाडी रेघ ही वजनं टेबलाखाली ठेवायची, याला मी दुसरं काय म्हणू?

असं आमच्याच बाबतीत झालं म्हणून सांगते आहे असं नाही. वर्डप्रेस डॉट कॉम ही मुलेनवेग यांच्याच ऑटोमॅटिक कंपनीची होस्टिंग सेवा. आमची कंपनी ती नव्हे, पण ती या धंद्यात मोठी, म्हणून तिचं सांगते. तिथे २०१७ पासून स्वतः निवडून प्लगइन बसवायची सोय बिझनेस प्लॅनपासून पुढे होती. एप्रिल २०२२ मध्ये त्यांनी सगळे प्लॅन मोडून फुकट आणि ‘प्रो’ असे दोनच ठेवले, प्रो महिन्याला १५ डॉलर, तेही वर्षाचे एकदम. मधल्या लोकांनी कुठे जायचं? जगभरातून आरडाओरडा झाला, आणि जुलैपर्यंत जुने प्लॅन परत आले. म्हणजे ओरडलं की ऐकतात. आणि २०२४ मध्ये याच मुलेनवेग यांचं डब्ल्यूपी इंजिन नावाच्या दुसऱ्या होस्टिंग कंपनीशी वाजलं, तेव्हा २५ सप्टेंबरला त्या कंपनीच्या सर्व्हरना प्लगइनच्या त्या मोकळ्या भांडाराचं दारच बंद झालं. तिच्या ग्राहकांनी पैसे भरलेले, भांडणाशी त्यांचा संबंध नाही, आणि प्लगइनची नवी आवृत्ती घेणं एकाएकी अडलं. डिसेंबरमध्ये कॅलिफोर्नियातल्या न्यायालयाने अंतरिम आदेश देऊन दार उघडायला लावलं. कोण बरोबर, कोण चूक, ते न्यायालय पाहील. मला एवढंच दिसलं, की प्लगइन फुकट असलं तरी त्याच्या दाराची किल्ली दुसऱ्या कुणाच्या तरी कमरेला असते.

उपाय नाही असं मला कुणी सांगू नये. केबलचं आठवतं? आधी केबलवाला देईल तो गठ्ठा घ्यायचा. मग २०१९ मध्ये ट्रायने नियम आणला की जोडणीचे १३० रुपये अधिक कर, त्यात शंभर चॅनेल, आणि वरच्या प्रत्येक पैशाच्या चॅनेलची किंमत वेगळी छापा. ज्याला जे हवं ते एकेक निवडू दे. आपण सगळ्या यादीवर पेन्सिलीने खुणा करत बसलो होतो. माझं बिल त्याने काही कमी झालं नाही, उलट दोन-चार रुपये वाढलं, हे खरं आहे. पण कशाचे किती, ते दिसलं. होस्टिंगच्या पानावर तसं एक एक का लिहिता येऊ नये? जागेचे इतके, सर्व्हरच्या भाराचे इतके, फोनवर मदत हवी तर इतके. प्लगइन बसवा, नाहीतर बसवू नका.

काही नियम आजही आहेत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला ऑनलाइन विक्रीतल्या फसव्या मांडणीविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या. तेरा प्रकार दिलेत. पूर्ण किंमत आधी न सांगता शेवटी उघड करणं हा त्यातला एक, वर्गणी बंद करायची वाट अवघड करून ठेवणं हा आणखी एक. प्लगइनला कुंपण घालणं त्या यादीत बसेल असं मला वाटत नाही, उगीच दावा करत नाही. पण जीएसटीशिवायची किंमत ठळक छापणं आणि खाली जायचं बटण लपवणं, याबद्दल राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन करता येतो. मी केला. मराठीत बोलले. तक्रार नोंदवून घेतली, क्रमांक दिला. पुढे काय झालं ते झालं की लिहीन.

तोवर घरगुती धंद्यासाठी किंवा मंडळासाठी साइट घेत असाल तर पैसे भरायच्या आधी विक्रेत्याला चार ओळींत लेखी विचारा. दुसऱ्या वर्षी करासकट किती कापणार? प्लगइन बसवता येतील का, याच प्लॅनमध्ये? खालच्या प्लॅनवर गेलो तर प्लगइनने मांडलेलं काय काय दिसेनासं होईल? आणि आमचा सगळा मजकूर एका फाइलमध्ये काढून नेता येईल का? उत्तर गप्पांच्या खिडकीत आलं तर त्याचा फोटो काढून ठेवा. भाच्याचं म्हणणं, साधं शेअर्ड होस्टिंग घेऊन त्यावर स्वतः वर्डप्रेस बसवलं तर प्लगइनला कुणी अडवत नाही, आणि भाडंही कमी. तिथे दुसऱ्या वर्षीच्या दराची मेख असतेच, पण ती तरी एकच.

आम्ही तेच केलं आहे. नवी जागा, जुनी पाटी. फाइल उचलून आणली तेव्हा लेख आले, फोटो आले, पाककृतींचे कंस आले. मग मी वह्या घेऊन बसले. रोज दुपारी तीन-चार, सूर्यास्ताआधीचा स्वयंपाक सुरू करेपर्यंत. एक्क्याऐंशी झाल्या आहेत, एकतीस राहिल्या. त्यातल्या नऊ माझ्या वहीत नाहीत, कारण त्या तुम्ही थेट साइटवर घातल्या होत्या: मुगाच्या डाळीचे बिनकांद्याचे पकोडे, केळफुलाची भाजी, चिकूची बर्फी, आणखी सहा. ज्यांच्या आहेत त्यांनी कागदावर लिहून फोटो पाठवावा, अक्षर कसंही असलं तरी चालेल.

खाकऱ्यांचं पान सुरू झालं आहे. जिरे, मेथी आणि साधे. फॉर्म चालतो की नाही ते पाहायला मी स्वतः दोन पाकिटांची ऑर्डर टाकली, दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने ताई घेऊन आल्या. पैसे घेत नव्हत्या. घ्यायला लावले.